मुकं विमान

ती गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. काल सकाळी काय खाल्लं ते आज सुनेला विचारावं लागतं, पण त्या धनगरणीचं बोलणं विचाराल तर शब्दाला शब्द सांगते. लिहून ठेवा असं पुष्कळांनी सांगितलं, म्हणून बसले आहे. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही. त्या घरची नातवंडं आज चांगली नांदत आहेत, त्यांचा काय दोष?

निजामाचं राज्य होतं. माझे मालक बीडच्या ठाण्यात जवान होते. ते तापानं गेले, आणि अमीनसाहेबांनी, म्हणजे आजच्या भाषेत फौजदारांनी, मला झडतीवाली म्हणून ठेवून घेतलं. बाई पकडून आणली की तिचा अंबाडा, ओटी, कंबर तपासायची, ती ठाण्यात असेपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची, तिला भाकर-पाणी द्यायचं. बायकांची वेगळी हवालात नव्हतीच. जप्तीचा माल ठेवायच्या खोलीत हंडे-कळशा बाजूला सारून चटई टाकली की झाली जनानी हवालात. लोक मला जमादारीण म्हणायचे. पुढं राज्य बदललं, मी नव्या पोलीस खात्यात रीतसर आले आणि जमादार म्हणूनच निवृत्त झाले. लोकांनी आधी दिलेलं नाव सरकारनं मागाहून दिलं म्हणायचं.

त्या उन्हाळ्यात मुंबईहून हैदराबादेला निघालेलं उतारूंचं विमान बेपत्ता झालं. बीडच्या पुष्कळ लोकांनी त्या दिवशी आभाळात घरघर ऐकली होती. म्हणजे, नंतर सगळेच म्हणाले की ऐकली होती. हैदराबादेला काही ते पोचलं नाही. मग वरून तारा सुरू झाल्या, बालाघाटाचे डोंगर धुंडाळा, गावोगावच्या पोलीस पाटलांना कळवा. जवान पायाला चिंध्या बांधून खोरी तुडवून आले. खिळासुद्धा सापडला नाही.

सापडलं नाही म्हटल्यावर लोकांच्या तोंडाला ऊत आला. कुणी म्हणे आत जवाहिराच्या पेट्या होत्या. कुणी म्हणे चालवणाराच फितूर, त्यानं विमान अरबस्तानात नेलं. कुणी म्हणे डोंगरात लोहचुंबकाचा कडा आहे, त्यानं ओढून घेतलं. नारायणगडाहून आलेला एक म्हातारा तर ठाण्याच्या पायरीवर शपथ घेऊन सांगत होता, की विमान अजून वरच फिरतंय, त्याला उतरू देत नाहीत.

"कोण उतरू देत न्हाई?" आमच्या जमादारानं विचारलं.

"आता ते मी कसं सांगू, साहेब? मी खाली हाय."

चकलांब्याचा एक जण पत्र्याचा तुकडा धोतरात गुंडाळून घेऊन आला. जमादारानं तो उलटा करून बघितला. "ह्याच्यावर घासलेटच्या डब्याचा छाप हाय, बे."

"मग विमान घासलेटवरच चालत असंल की."

आम्ही पोट धरून हसलो. ठाण्यातलं ते शेवटचं हसणं.

खबर आली ती एका गावच्या पोलीस पाटलाकडून. बालाघाटाच्या पायथ्याला, बीडपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं ते गाव. गावाबाहेरच्या माळावर परमुलखातल्या धनगराचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे मेंढरं, कुत्री, एक घोडं आणि नवरा-बायको. त्यातली बायको बाजाराच्या दिवशी कासारणीपुढं हात करून बसली आणि बोलता बोलता म्हणाली, की मी माळावर विमान बघितलं, आणि त्यातलं माणूस पुरताना बघितलं. कासारणीच्या हातातली बांगडी तिथंच फुटली म्हणतात. बाजार उठेपर्यंत ती बातमी अशी झाली, की धनगरांनी विमान उतरवून घेतलं, उतारू जिवंत पुरले आणि पेट्या मेंढरांच्या लेंड्यांखाली दडवल्या.

नवरा-बायकोला काढण्या लावून, म्हणजे दोरानं बांधून, बीडला आणलं. मी बाईची झडती घेतली. कमरेच्या पिशवीत तंबाखू, चुना आणि मेंढराच्या पायातून काढलेला काटा. दुसरं काही नाही. चाळिशीची असेल. हनुवटी गोंदलेली, टाचा भेगाळलेल्या. तिला वाटत होतं आपण साक्ष द्यायला आलोय. काढण्या का लावल्या, हे तिला उमगत नव्हतं.

जबाब अमीनसाहेबांच्या टेबलापुढं झाला. साहेब हैदराबादचे, त्यांना मराठी बेताची. ते विचारायचे, जमादार तिला मराठीतून सांगायचा, आणि मुनशी उर्दूत लिहून घ्यायचा. मी दाराशी उभी.

"पूछो इसकू, हवाई जहाज कहाँ देखी?"

जमादार म्हणाला, "ए बाई, विमान कुठं बघितलंस?"

"माळावर."

"पडलं?"

"पडंल कशानं? चौघांनी नीट उतरिवलं."

"आत किती माणसं?"

"एकच. बसलेलं."

"जितं का मेलेलं?"

"आता मी काय हात लावून बघितलं? मान हलत हुती. गाडीत पोर झोपलं म्हंजी हलती तशी."

"मग?"

"मग काय? पुरलं."

मुनशीची लेखणी थांबली. साहेब खुर्चीत पुढं सरकले. "आवाज? आवाज कैसी थी?"

"त्येच तर, दादा! आवाज न्हाई, गाजावाजा न्हाई. मुकं विमान. म्हणून तर मी थांबून बघत ऱ्हायले."

साहेबांनी टेबलावर हात आपटला. इंजन बंद करून उतरवलं म्हणजे कट होता, असं त्यांचं मत झालं. उतारू बाहेर काढला तेव्हा जिवंत होता, हेही ठरलं. मी काही त्यांना हसत नाही. मीही तिथंच होते आणि मलाही दुसरं काही सुचलं नाही. विमान हा एकच शब्द तेव्हा साऱ्या मुलखाच्या तोंडात होता.

जागा दाखवायला कुणाला न्यायचं, हा प्रश्न आला. धनगरीण म्हणाली, "मी दावते की. चला."

"तू गप बस," जमादार म्हणाला. "बाप्याला म्हाईत असणार."

"त्येनं बघितलंच न्हाई. त्यो वढ्याच्या पल्याड मेंढरांत हुता."

"नवऱ्याला वाचवायला बघतीस व्हय?"

नवऱ्यालाच नेलं. त्यानं काही पाहिलं नव्हतं, तो काय दाखवणार? माळभर फिरवला, मोडलेलं विमान कुठं दिसेना, तेव्हा मारला. परत आणला तेव्हा उजव्या हाताची बोटं वांग्यासारखी सुजून निळी पडली होती. हवालातीच्या गजांतून त्यानं पाणी मागितलं ते डाव्या हातानं. पलीकडच्या खोलीतून तिनं त्याचा आवाज ओळखला आणि भिंतीला डोकं लावून बसली. मला म्हणाली, "माय, मी बोलले त्येच चुकलं का? माणूस पुरलेलं बघितलं, ते सांगू न्हाई का?"

वरून हुकूम आला होता, दोघांना हैदराबादेला पाठवा. तिथं गेल्यावर त्यांचं काय होणार, ते ठाण्यातल्या कुत्र्यालाही कळत होतं. साऱ्या संस्थानाला कुणीतरी गुन्हेगार हवा होता, आणि हे दोघं सापडले होते. फाटकाशी गर्दी. निम्मे म्हणत होते, आमच्या ताब्यात द्या, दगडानं ठेचतो. उरलेले निम्मे पहाऱ्याच्या जवानाला हळूच विचारत होते, पेट्यांचं काही बोलले का?

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. मी तिला भाकर द्यायला परसात आणलं होतं. नियमात बसत नव्हतं, पण त्या खोलीत दुपारी चुलीत बसल्यासारखं व्हायचं. ती भाकर हातात धरून नुसती बसलेली. तेवढ्यात वरून घरघर आली. शोधासाठी पाठवलेलं दुसरं विमान असावं. अगदी खालून गेलं. रस्त्यावर लोक ओरडत धावले. धनगरणीनं कपाळावर हात धरून वर बघितलं आणि म्हणाली, "आली बया उडती मोटार. आमची मेंढरं बिचकत्यात हिला."

मी म्हणाले, "उडती मोटार काय म्हणतीस? विमान हाय ते."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मीच वेडी. "हे विमान? माय, ह्येला चौघं कसं उचलतील?"

मी तांब्या खाली ठेवला. "तू बघितलंस ते कसलं होतं गं?"

"विमान म्हंजी विमान! बांबूचं. आमच्याकडं वाण्यांत माणूस मेलं म्हंजी बसवून न्हेत्यात, ते. तुमच्यात म्हणत न्हाईत व्हय?"

म्हणतात की! आमच्या मराठवाड्यात वाण्यांच्या, म्हणजे लिंगायतांच्या, घरांतून मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बांबूचं मखर बांधतात, फुलं-केळीचे खुंट लावतात, आत माणसाला बसवतात आणि भजन म्हणत, वाजंत्री लावून मानानं नेतात. त्याला विमानच म्हणतात. आणि त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात, तेही बसवून. मी लहानपणापासून शंभरदा बघितलेलं. आणि ठाण्यातले आम्ही सगळे आभाळाकडं तोंड करून बसलो होतो.

तिचा जबाब मनात पहिल्यापासून फिरवला. चौघांनी उतरवलं. एकच माणूस, बसलेलं. मान हलत होती. पुरलं. सगळं जिथल्या तिथं बसलं. एकच बसेना. मी विचारलं, "वाजंत्री नव्हती? भजन?"

"न्हाई म्हणूनच तर मी बघत ऱ्हायले. विमान कधी मुकं जातंय का? पाचवं माणूस न्हाई संगं. भर दुपारी, गावात चिटपाखरू नसताना." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन् हातात हिरवा चुडा हुता, माय. सवाशीण हुती ती. सवाशिणीला कुणी असं चोरून न्हेतं व्हय?"

मी तिला खोलीत घातलं, कडी लावली आणि साहेबांकडं गेले. साहेब मारकुटे असतील, पण कान असलेला माणूस होता. सगळं ऐकून घेतलं. डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. "और गलत निकला तो?"

"तर मला घरी बसवा, साहेब. पण ह्या वेळी बाईला घेऊन चला."

तहसीलदार, दवाखान्याचे डॉक्टर, पंच, सगळे गेलो. धनगरीण माळावरून मेंढरामागं चालावं तशी सरळ चालत गेली आणि बाभळीच्या काट्यांच्या ढिगापाशी थांबली. "ह्येच्याखाली."

काटे ओढून बाजूला केले. माती भुसभुशीत होती. शेजारच्या घळीत मोडून टाकलेले बांबू सापडले, त्यांवर सुतळीचे वळ तसेच. वास यायला लागला तसे पंच उपरणी नाकाला लावून मागं सरले.

बाईमाणूस असल्यामुळं खड्ड्यात मला उतरावं लागलं. जित्या बायकांच्या अंगाला हात लावायची सवय होती, ही पहिलीच अशी. वीस-बावीसची असेल. बसलेली. मान सारखी पडते म्हणून मागं खुंटी रोवून कपाळावरून फडकं बांधलेलं. गळ्याभोवती काळी रेघ, पदराच्या काठाच्या रुंदीची. डॉक्टर म्हणाले, पुरायच्या आधीच गेलेली होती. मी ते मानते. मानावंच लागतं, नाहीतर झोप यायची नाही.

मी नेहमीसारखी कंबर तपासली. ओटीला छोटं गाठोडं होतं. त्यात तान्ह्या लेकराचं टोपडं, नवंकोरं, एका बाजूची टीप घालायची राहिलेली.

गावात वाण्याचं घर एकच, म्हणून विचारलं, त्या घरची धाकटी सून कुठं आहे? सगळे म्हणाले, माहेरी, भावाच्या मुलाच्या बारशाला. माहेरी माणूस पाठवला. ते म्हणाले, सासरच्यांनी बारशालासुद्धा पाठवली नाही, आम्ही रुसून बसलोय. सासरच्या गावाला वाटावं माहेरी, माहेरला वाटावं सासरी. एका विमानासाठी सारं संस्थान जागं होतं, आणि ही बाई जगातून गेली तरी तिला शोधणारं कुणी नव्हतं.

त्या घरच्यांना ठाण्यात आणलं. बापेमाणसं काही कबूल करीनात. नवरा खाली मान घालून बसलेला, सासरा वकिलाचं नाव घेत होता. सासूला माझ्याकडं दिलं. मी तिला दरडावलं नाही. बायका ओरडण्यानं बोलत नाहीत, उलट तोंड मिटून घेतात. तिला पाणी दिलं आणि ते टोपडं तिच्यापुढं ठेवलं. तिनं टीप राहिलेल्या काठावरून बोट फिरवलं.

"विमान पडलंय म्हणून पाटील सगळ्या गावाला डोंगरात घेऊन गेलता," ती म्हणाली. "आळीत कुणी नव्हतं. हिला बारशाला जायाचं हुतं. ल्योक म्हणला, न्हाई जायाचं. हिनं गाडीचं चाक धरून ठिवलं. त्यानं पदराला धरून वढली. पदर गळ्याला बसला. सोड म्हणेपतूर..."

"तुम्ही सोड म्हणालात?"

तिनं टोपडं उलटं करून ठेवलं.

"आणि मग विमान कशाला बांधलंत? चोरून पुरायचं होतं तर नुसती पुरायची होती."

त्यावर ती माझ्यावरच चिडली. "असं कसं बोलता, बाई? घरची लक्ष्मी ती. तिला काय ढोरावानी न्हेऊन टाकायची? विमानाबिगर कशी न्हेऊ?"

"जीव घेताना नाही आठवलं ते?"

"ते झालं आमच्या हातनं," ती म्हणाली. "पर रीत कशी मोडायची?"

पुष्कळ गुन्हेगार बघितले मी, पण त्या उत्तराइतकी भीती मला कुणाची वाटली नाही. ती ढोंग करत नव्हती. जिचा जीव गेला तिचा मान राखायचा, हे तिला मनापासून वाटत होतं. नवऱ्याला जन्मठेप झाली, बाकीच्यांना कमी-जास्त.

धनगर जोडप्याला साहेबांनी सोडलं. त्याची बोटं मात्र वाकडीच बसली. डॉक्टरांनी पट्ट्या बांधल्या होत्या, पण उशीर झाला होता. लोकर कातरायची कात्री त्या हातात पुन्हा धरता येणार नाही, हे तो आम्हाला सांगत नव्हता, नुसता उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत होता.

सुटले म्हणजे सुटले असं मला वाटलं होतं. खून उघडकीस आला, खुनी आत गेले, आता लोकांची तोंडं बंद होतील. कुठलं काय! त्यांच्या वाड्याची जागा लोकांनी कुदळींनी खणून काढली. त्यांचं घोडं कुणी सोडून नेलं, मेंढरं निम्मी राहिली. बाजारात गेले की माणसं गोड बोलून शेजारी बसायची आणि विचारायची, त्या सुनेचं ते झालं, पण पेट्या कुठं ठेवल्या? कुणी म्हणे, खून उकरून दाखवला तो मुद्दामच, विमानावरून नजर हटावी म्हणून. म्हणजे बघा, एकदा माणसावर बोट ठेवलं की त्याच्या निर्दोषपणाचाही पुरावा त्याच्याविरुद्धच जातो.

शेवटी त्यांनी मुलूख सोडायचं ठरवलं. जायच्या आधी ती मला भेटायला ठाण्यात आली. घोंगडीचा एक तुकडा माझ्यासाठी घेऊन आली होती. तिच्या नवऱ्यानं चांगला हात असताना कातरलेल्या लोकरीचा. "माय, तू इचारलंस म्हणून आमी जित्ते," एवढंच बोलली. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले.

फाटकाशी आमचा जमादार उभा होता. तोच, ज्यानं साहेबांचे प्रश्न तिला मराठीत करून दिले होते, जो माळावर हजर होता, ज्यानं स्वतः ते बांबू घळीतून वर काढले होते. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि तिच्याजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "आता जातीच हायस तर खरं सांग, बाई. कुणाला बोलत न्हाई. विमान कुठं हाय?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. थकून.

"दादा," ती म्हणाली, "तुमीच उकरलं की."

आणि गेली. ते विमान पुढं सापडलं की नाही, मला ठाऊक नाही, आणि खरं सांगू, त्याची चौकशी करावीशी वाटलीही नाही. पण त्यानंतर नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत माझ्यापुढं जी बाई आली, तिच्या तोंडचा शब्द मी कधी तसाच उचलला नाही. ती म्हणाली मारलं, तर कशानं ते विचारलं. ती म्हणाली गेली, तर कुठं ते विचारलं. माझे वरिष्ठ वैतागायचे, लहान पोरासारखं काय विचारता म्हणायचे. म्हणेनात का. त्या माळावरच्या पोरीबद्दल एवढं जरी कुणी वेळेवर विचारलं असतं, की माहेरी गेली म्हणता तर पोचली का, तर निदान एका माणसाची बोटं वाचली असती. तिचं काही वाचलं नसतं. तिला विचारायची वेळ फार आधीची होती.